फियाट ११०० (१९६६): आरसीवर एक इंजिन नंबर, ब्लॉकवर दुसराच, आणि गॅरेजवाले म्हणतात हेड मारून कॉम्प्रेशन वाढवू

माहुलीकर (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आत्याकडची १९६६ची फियाट ११०० डिलाइट दिवाळीत माझ्याकडे आली. काका (आत्याचे यजमान) गेल्यापासून नऊ वर्षं ती शेडमध्ये उभीच होती. बॅटरी, टायर, ब्रेकचे सिलिंडर, पेट्रोलची टाकी साफ, एवढं करून सुरू केली आणि पहिल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला आणली, तर खंबाटकीत अक्षरशः जीव गेला तिचा. सेकंडवर टाकूनसुद्धा ट्रक मागून हॉर्न मारत होते. सपाटीला चालते, पण चढाला दमच नाही.

कॉम्प्रेशन टेस्टरने चारही सिलिंडर चेक केले तर १ नंबर १०५, २ नंबर ७२, ३ नंबर १०२ आणि ४ नंबर ६५ पीएसआय. गॅरेजवाले म्हणतात हेड (सिलिंडरांवरचं झाकण) दोन एमएम मारून टाकू, म्हणजे त्याचा तळ तेवढा घासून कमी करू, कॉम्प्रेशन आपोआप वाढेल, वर चार घोडे (हॉर्सपॉवर) जास्त मिळतील.

दुसरी भानगड अशी की स्मार्टकार्ड आरसीवरचा (नोंदणीपत्रावरचा) इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा (सिलिंडर असतात त्या इंजिनच्या मुख्य भागावरचा) नंबर जुळतच नाही. एक आकडा इकडेतिकडे नाही, अख्खा नंबरच वेगळा. मग हे इंजिन कुठलं? पद्मिनीचं (हिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी)? टॅक्सीचं? की अजून काही? आत्याला काही आठवत नाही. कृपया मार्गदर्शन करा, सोमवारी हेड लेथवाल्याकडे जाणार आहे.

---

टॅपेटवाला (शनिवार, रात्री ११:१५)

सोमवारी हेड कुठंही पाठवू नका. आधी हे वाचा.

मी कोल्हापुरात उद्यमनगरला एकतीस वर्षं हेड आणि ब्लॉकचंच काम केलं, आता पोरगं बघतंय. तुमच्या गॅरेजवाल्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्यात. कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन खाली असताना वर किती जागा आणि पिस्टन वर आल्यावर किती जागा उरली याचं प्रमाण, ते मापाचं गणित आहे, इंजिन नवं असो की जुनं ते जवळजवळ तेवढंच राहतं. आणि तुमच्या टेस्टरवर जो काटा दिसतो ते प्रेशर, ते रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या), वॉल्व्ह (झडपा), गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) किती धरतात त्यावर असतं. तुमचा १ आणि ३ नंबर १००च्या वर आणि २ आणि ४ सत्तरच्या आसपास, म्हणजे गळती आहे. गळकी घागर लहान केली म्हणून ती गळायची थांबते का?

२ आणि ४ मध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत टेस्ट घ्या. काटा वर गेला तर रिंग, नाही गेला तर वॉल्व्ह. टेस्ट घेताना इंजिन गरम पाहिजे, चारही प्लग काढलेले पाहिजेत आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, नाहीतर हवाच आत येत नाही आणि आकडा खोटा कमी येतो.

---

वर्षा_पु (रविवार, सकाळी ८:०५)

टॅपेटवाला काकांना पूर्ण अनुमोदन. माझ्याकडे ७८ची पद्मिनी आहे, अशाच सल्ल्याने तिचं एक हेड वाया गेलंय. ते आधीच दोनदा मारलेलं होतं, मी तिसऱ्यांदा मारून घेतलं आणि उन्हाळ्यात वॉटर जॅकेटपाशी (पाणी फिरतं त्या पोकळीपाशी) गॅस्केट फुंकली. अॅल्युमिनियमचं हेड आहे, मारलेलं मटेरियल परत लावता येत नाही. परत जागेवर आणायचं म्हटलं तर जाड गॅस्केट शोधा नाहीतर दुसरं हेड शोधा, आणि चांगलं हेड मिळणं आता फार अवघड झालंय.

इंजिन ओळखायचं तर नंबराच्या मागे नंतर लागा, आधी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली किती जातो ते) मोजा. नंबर पंच करता येतो, रंगवता येतो, बोअर-स्ट्रोक खोटं बोलत नाही. भारतीय ११०० आणि पद्मिनी दोन्हीचं इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ एमएम, स्ट्रोक ७५ एमएम. प्रीमियरच्या ११८एनई गाडीत निस्सानचं ए१२ इंजिन होतं, ११७१ सीसी, ते ७३ बाय ७०. काही लोकांनी ते पद्मिनीत बसवलेलं मी पाहिलंय. म्हणजे स्ट्रोक ७० भरला की विषय संपला, फियाटचं इंजिनच नाही.

---

तोरिनोकर (रविवार, दुपारी २:३०)

वर्षाताईंच्या यादीत एक भर. मी कामानिमित्त सहा वर्षं इटलीत तोरिनोत आहे, इथे रविवारी जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात त्यात ११०० हमखास असते. १९६२ ते ६६ची इटालियन ११००डी दिसायला थेट आपल्या डिलाइटसारखी, पण आतलं इंजिन १२२१ सीसी, जे त्याआधी १२०० ग्रॅनलुचेमध्ये होतं. आपल्याकडे मात्र १०८९च राहिलं. आता महत्त्वाचं, १२२१चा स्ट्रोकसुद्धा ७५च आहे, फरक फक्त बोअरमध्ये, ७२ एमएम. त्यामुळे नुसता स्ट्रोक मोजून निष्कर्ष काढू नका. काकांनी किंवा कुणी बाहेरून मागवलेलं इंजिन असेल तर तेही शक्य आहे, आणि तसं असेल तर कृपा करून ते जपा.

---

माहुलीकर (रविवार, रात्री ९:५०)

सगळ्यांचे आभार. लेथवाल्याला फोन करून सोमवारचं काम थांबवलं.

ऑइल टाकून टेस्ट घेतली. २ नंबर ७२ वरून थेट ९८ वर गेला. ४ नंबर ६५ चा ७०, म्हणजे जवळजवळ जागेवरच. टॅपेटवाला काकांच्या हिशेबाने २ मध्ये रिंग आणि ४ मध्ये वॉल्व्ह, बरोबर ना?

स्ट्रोक मोजायला प्लगच्या भोकातून सळई घालून बघितली पण ती तिरपी जाते, दरवेळी वेगळं माप येतंय. हेड आता तसंही उघडावंच लागणार.

---

टॅपेटवाला (रविवार, रात्री १०:१०)

बरोबर. तिरप्या भोकातून मोजू नका, हेड काढल्यावर डेप्थ गेजने मोजा. हेडचे नट थंड इंजिनवर सोडवा, गरम असताना अॅल्युमिनियमचं हेड सोडवलं की ते वाकतं. बाहेरून सुरू करून आत या, एकेक नट थोडा थोडा. पुशरॉड (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) काढताना पुठ्ठ्याला आठ भोकं पाडा आणि ज्या जागेची ती तिथंच खोचून ठेवा.

---

कुर्लेकर६९ (सोमवार, सकाळी ७:२०)

नंबराबद्दल थोडं. आमचे बाबा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये (या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत) होते, मी लहानपणी कारखान्याच्या गेटवर डबा घेऊन जायचो. बाबांना विचारलं, ते म्हणाले स्पेअर म्हणून ब्लॉक घेतला तर त्यावर नंबर नंतर पंच केलेला असू शकतो, आणि एकेक आकडा हातोडीने मारला की ओळ सरळ येत नाही, एखादा आकडा वर-खाली होतो. हा काही पक्का पुरावा नाही, पण इशारा आहे.

घासून बघू नका! सँडपेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, खुणा राहिल्या तर उद्या इन्स्पेक्शनला तुम्हीच नंबर घासला असं वाटेल. थिनर आणि जुना टूथब्रश, बस.

आणि टॅक्सीचं इंजिन असेल तर हेडकडे नीट बघा. मुंबईच्या टॅक्सी पुढे सीएनजीवर गेल्या, त्या इंजिनांच्या वॉल्व्ह सीट (वॉल्व्ह टेकतो त्या कडा) खोल बसलेल्या असतात. वॉल्व्ह जेवढा खोल तेवढी चेंबरची, म्हणजे हेडमधल्या पेट्रोल जळतं त्या पोकळीची, जागा वाढते, म्हणजे रेशो उलट कमी झालेला असतो. २९ ऑक्टोबर २००३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ ला ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी बाबा संध्याकाळपर्यंत टीव्हीसमोरून उठले नाहीत.

---

माहुलीकर (बुधवार, रात्री ११:३०)

हेड उघडलं. आधी नंबराचं सांगतो.

ब्लॉकवर नंबराच्या पट्टीवर हिरव्या रंगाचे दोन थर आणि त्यावर तेलाचा चिकटा होता. थिनरने पंधरा मिनिटं नुसतं भिजवून ठेवलं, मग टूथब्रश. आकडे दिसायला लागले पण पुसट. बायकोने मुलीच्या दप्तरातला पांढरा खडू आणून दिला, तो आडवा धरून पट्टीवर चोळला, मग अंगठ्याने वरवर पुसला, खडू फक्त खाचांत राहिला. लाइट बंद करून टॉर्च एका बाजूने अगदी टेकवून धरल्यावर अख्खी ओळ उमटली. मी आतापर्यंत जो ८ वाचत होतो तो ३ निघाला. आणि कुर्लेकर, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा, ७ चा आकडा शेजारच्यापेक्षा केसभर वर आहे आणि थोडा कलंडलेला आहे. घासल्याच्या रेघा मात्र कुठेही नाहीत.

मापं: स्ट्रोक ७५. बोअर वर ६८.६५, खाली ६८.६०. कार्बन खरवडल्यावर चारही पिस्टनच्या माथ्यावर ०.६ असा शिक्का (मूळ ६८ पेक्षा तेवढे मोठे). म्हणजे १०८९चाच ब्लॉक, एकदा बोअर झालेला (सिलिंडर आतून कापून मोठे केलेले). १२२१ नाही याचं तोरिनोकरांना थोडं वाईट वाटेल, मला नाही वाटलं.

२ नंबरची वरची रिंग खोबणीत कार्बनने पार चिकटून बसली होती, नखाने हलत नव्हती. आणि ४ नंबरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हची कड एका बाजूला भाकरीच्या करपलेल्या काठासारखी झालीय, उजेडात धरली तर फट दिसते.

---

टॅपेटवाला (गुरुवार, सकाळी ६:४५)

बोअरला ०.०५ झीज, आनंदाची गोष्ट आहे. परत बोअर करू नका, होनिंग करून (सिलिंडरची भिंत बारीक घासून) नव्या ०.६ च्या रिंगा टाका. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तिचं तोंड फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, गॅप कमी असेल तर कानशीने उघडा. ४ नंबरचा वॉल्व्ह नवा, सीट कट करून घ्या, बाकीचे सात पेस्ट लावून घासा. मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी पोर्ट कोरडे असतील तर काम झालं.

---

वर्षा_पु (गुरुवार, दुपारी १:१५)

आता रेशोचं गणित करू या, हेड उघडंच आहे तर ही संधी सोडू नका.

काचेच्या जाडीचा अॅक्रिलिकचा तुकडा घ्या, मध्ये छोटं भोक, चेंबरच्या कडेला ग्रीस लावून तो चिकटवा, प्लग बसवलेला हवा. मेडिकलमधून ५० एमएलची सिरिंज आणा आणि रंगीत पाणी भोकातून भरा, बुडबुडा राहता कामा नये. किती एमएल गेलं ते लिहून ठेवा, चारही चेंबरचं. मग दाबलेल्या जुन्या गॅस्केटची जाडी आणि भोकाचा व्यास, आणि पिस्टन वर असताना ब्लॉकच्या कडेपासून किती खाली राहतो ते कळवा. चेंबरचा आकार ग्राफ पेपरवर उतरवून चौरस मोजा.

---

माहुलीकर (शुक्रवार, रात्री १०:०५)

चेंबर चारही ३७ एमएलच्या आसपास, अर्ध्या एमएलचा फरक. गॅस्केट १.२ एमएम, भोक ७०. पिस्टन अर्धा एमएम खाली, माथा सपाट. चेंबरचं क्षेत्रफळ ३३ चौरस सेंमी.

---

वर्षा_पु (शनिवार, सकाळी ९:३०)

६८.६ बोअर आणि ७५ स्ट्रोक म्हणजे एका सिलिंडरचे २७७.२ सीसी, चारांचे ११०९. वरची उरलेली जागा: चेंबर ३७, गॅस्केट ४.६, पिस्टनवरची १.८५, एकूण ४३.४५. रेशो साधारण ७.४.

हेड १ एमएम मारलं की ३.३ सीसी कमी होतात. गॅरेजच्या दोन एमएमने ६.६ सीसी जातील आणि रेशो ८.५ होईल. ऐकायला छान वाटतं. पण नुसत्या थिअरीच्या हिशेबाने ७.४ वरून ८.५ ला गेल्यावर कार्यक्षमता साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढते, चाळीस घोड्यांच्या इंजिनात पावणेदोन घोडे. तेवढ्यासाठी हेडचं दोन एमएम मटेरियल कायमचं गेलं, तीन बेअरिंगच्या क्रँकवर लोड वाढला, आणि पुढच्या वेळी हेड वाकलं तर मारायला काही शिल्लकच नाही. याउलट ६५ चा सिलिंडर १२५ वर आला तर अख्खा सिलिंडरच परत मिळाला.

माझं मत, हेड सरळ करण्यापुरतं मारा. पट्टी ठेवून खाली फीलर गेज घाला, जिथं जास्त खोल तिथपर्यंतच.

---

डोंबिवलीचा बंड्या (शनिवार, सकाळी ११:००)

आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय, त्याचा ऑक्टेन जुन्या पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त आहे, मग ८.५ रेशोला नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी टकटक) येणारच नाही. थोडं वाढवायला काय हरकत आहे?

---

टॅपेटवाला (शनिवार, दुपारी १२:४०)

हरकत नॉकिंगची नाही बंड्या, हेडच्या जाडीची आहे. आणि ई२० चं दुसरं अंगही बघ. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) मिक्स्चर पातळ होतं, पातळ मिक्स्चर म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह गरम. माहुलीकरांचा ४ नंबर कशानं जळला ते मी इथं बसून सांगू शकत नाही, पण मेन जेट एक नंबर मोठा बघावाच. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे टाका, जुनं रबर लिबलिबीत होतं. मी स्वतः हातात धरलंय, बोटाला काळं लागतं.

माहुलीकर, हेडवर जास्तीत जास्त खोल किती भरतंय?

---

माहुलीकर (शनिवार, संध्याकाळी ७:१५)

२ आणि ३ च्या मध्ये ०.१५. आणि वॉटर जॅकेटच्या एका भोकाच्या कडेला गंजाने खाल्लेला खड्डा आहे, ०.७ खोल, गॅस्केटची रिंग तिथेच बसते.

---

टॅपेटवाला (शनिवार, रात्री ८:००)

मग ०.८ मारा, खड्डा निघून जाईल. त्यापेक्षा जास्त मारू नका. रॉकर (वॉल्व्ह दाबणारे दांडे) बसतात त्या स्टँडखाली तेवढ्याच जाडीची शिम (पातळ पट्टी) द्या, म्हणजे पुशरॉडची आणि रॉकरची भूमिती जुनीच राहील. ज्या स्टँडमधून तेल वर येतं त्याच्या शिमला भोक पाडायला विसरू नका, भोक नसलं तर पंधरा मिनिटांत रॉकर शाफ्ट कोरडा पडतो. बसवताना पिस्टनवर पोरांची खेळायची क्ले लावा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, परत उघडून क्ले किती दाबली ते मोजा. वॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जागा आहे याची खात्री डोळ्यानं करायची.

---

वर्षा_पु (शनिवार, रात्री ८:२५)

०.८ ने २.६ सीसी कमी, रेशो ७.८. सुंदर.

---

कुर्लेकर६९ (रविवार, सकाळी १०:१०)

कागदांचं काय झालं? नवीन व्हिंटेज रजिस्ट्रेशनचा विचार असेल तर २०२१च्या नियमात पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नसावा असं आहे. व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, पहिल्यांदा वीस हजार फी. पण मग रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. साताऱ्याहून पुण्याला नेहमी न्यायची असेल तर घाई करू नका. आणि कुठल्याही मार्गाने गेलात तरी आधी इंजिन नंबरचा घोळ मिटवावाच लागेल. जुनं आरसी बुक शोधा, स्मार्टकार्ड नाही, जुनं कापडी पाठीचं पुस्तक.

---

माहुलीकर (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:००)

मंडळी, उशीर झाला लिहायला, पण सगळं एकदमच सांगतो.

आत्याच्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनं आरसी बुक सापडलं. मागच्या पानावर शाईने, १९८३ ची नोंद, इंजिन बदलल्याची, नवा नंबर, सही आणि गोल शिक्का. खडूने जो नंबर उमटला होता तोच, ८ नाही, ३. पुस्तकात घडी घातलेलं ब्लॉकचं बिलही आहे, स्पेअर ब्लॉक म्हणून. काकांनी सगळं नियमाने केलं होतं, पुढे स्मार्टकार्ड करताना पहिल्या पानावरचा जुना नंबर गेला. आत्याला बिल दाखवल्यावर तिला आठवलं, त्या वर्षी गौरीला गाडी नव्हती म्हणून ती एसटीने माहेरी आली होती. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, गाडी नेऊन दाखवली, पेन्सिलने नंबराचा ठसा घेतला.

इंजिन: हेड ०.८, शिमा, चार नंबरला नवा एक्झॉस्ट वॉल्व्ह, होनिंग, नव्या रिंगा. रॉकेल रात्रभर ठेवलं, सकाळी पोर्टमध्ये बोट फिरवलं, कोरडं. क्लेची जाडी सगळ्यात कमी जिथे भरली तिथेही दोन एमएमच्या वर. जेट एक नंबर मोठा. गरम करून थंड झाल्यावर हेडचे नट परत एकदा आवळले.

पाचशे किलोमीटर हळू चालवून आज टेस्ट घेतली, १३२, १३०, १३२, १२८.

आणि सकाळी आत्याला पुण्याहून घेऊन आलो. खंबाटकी थर्डवर चढली, फक्त एका वळणावर सेकंड घ्यावा लागला. आत्या पूर्ण घाटभर काही बोलली नाही, वर आल्यावर म्हणाली हिचा आवाज असाच होता.

---

टॅपेटवाला (रविवार, रात्री ९:२०)

वा. आता हजार किलोमीटरला ऑइल बदला आणि टॅपेट (वॉल्व्हची फट) परत बघा. इग्निशन सेट करताना चढाला टिकटिक आवाज आला तर डिस्ट्रिब्युटर केसभर मागं घ्या.

---

डोंबिवलीचा बंड्या (सोमवार, सकाळी ८:५०)

अभिनंदन! शिम कसली केलीत? माझं पण हेड पुढच्या महिन्यात उघडतोय.

---

माहुलीकर (सोमवार, सकाळी ९:०५)

०.८ ची पितळी शीट, भांड्यांच्या कारागिराकडून आणली. स्टँड कागदावर ठेवून पेन्सिलने आकार काढला, कात्रीने कापली, भोकं पंचने पाडली, कडा कानशीने मोडल्या. आधी चेंबर मोजून घे मात्र, मग ठरव किती मारायचं.